भोरू नावाडी मेला नाही

धनीरामजींना सिनेमा दिसत नव्हता. तरीही एखाद्या सिनेमावर इतका चिडलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

वरठीला आमच्या घरांच्या मध्ये एकच भिंत आहे, तीही एका विटेची. पलीकडे कमलेश आणि त्याची बायको राखी राहतात. कमलेश कारखान्यात पाळीवर जातो. अलीकडे मी, सरिता. साड्यांना फॉल-पिको करून देते, एकटी असते. आई वारल्यावर कमलेशनं वडिलांना, म्हणजे धनीरामजींना, एकोडीहून इकडे आणलं, तेव्हा त्यांच्याबरोबर एक लोखंडी पेटी आली. मला वाटलं कपडे असतील. राखीनं उघडून दाखवली, तर वर एक धोतर आणि खाली पाच जाडजूड पुस्तकं. आंधळ्या माणसाच्या पेटीत पुस्तकं पाहून मी राखीच्या तोंडाकडे पाहिलं. तिनं खांदे उडवले.

धनीरामजी धानाचे शेतकरी. एकोडीच्या तलावाखाली त्यांच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आहेत. तरुणपणी धान चुरताना एका डोळ्यात कुसळ गेलं आणि तो डोळा नासला. दुसऱ्यात काचबिंदू झाला, तो कळला तेव्हा उशीर झाला होता. पन्नाशी यायच्या आत सगळं अंधारलं. पुढचे कितीतरी दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. जेवायला उठवलं तर उठायचे, नाहीतर नाही.

त्यांच्या बायकोचं नाव तुळसा. सातवीपर्यंत शिकलेली, पण वाचायचा नाद असा की पुडीचा कागदसुद्धा वाचून मग चुलीत घालायची. एक दिवस ती गावच्या वाचनालयात गेली आणि कपाटातलं सगळ्यांत जाड पुस्तक मागून आणलं. 'जलमुकुट', खंड पहिला.

"का आनलंस?" भिंतीकडूनच धनीरामजींनी विचारलं.

"जाडं आहे. गंज दिवस पुरते," ती म्हणाली आणि ओसरीत बसून वाचायला लागली.

सात सरोवरांचं एक राज्य. सरोवरांच्या तळाशी शैवालराज राहतो. जो बुडेल तो त्याच्या फौजेत भरती होतो आणि स्वतःचं नाव विसरतो. वर राणी हेमप्रभा त्याच्याशी लढते. घोडे, किल्ले, मंतरलेल्या तलवारी, सगळं आहे त्यात. पण धनीरामजींचा जीव जडला तो भोरू नावाड्यावर. भोरू म्हातारा, लंगडा, चार शब्दांत बोलणं आटपणारा. त्याची बायको पहिल्याच खंडात पुरात जाते. नंतर तो नुसता माणसांना या काठावरून त्या काठावर नेत राहतो. राणी रडते, सेनापती गर्जना करतात, आणि भोरू म्हणतो, "बसा. नाव हलते."

हे वाक्य धनीरामजी मला इतक्या वेळा ऐकवायचे की मीही पिकोची मशीन सुरू करताना ते म्हणायला लागले होते.

नवराबायकोची वाचायची एक रीत होती. ती वाचायची, आणि प्रत्येक वाक्याला नाही तरी दोन-तीन वाक्यांनी त्यांनी "हूं" म्हणायचं. हूं आलं नाही की वाचणं थांबायचं.

"झोपले का?"

"नाई. सांग ना."

"मंग हूं मना."

पुस्तकी मराठी वाचता वाचता ती मध्येच आपल्या बोलीत उतरायची. सरोवराची बोडी व्हायची, सेनापतीचा पाटील व्हायचा. शेजारची माणसं ऐकायला येऊन बसत. धनीरामजी उठले, हिंडूफिरू लागले, पानठेल्यावर जाऊन गोपीचंदशी भोरूवरून भांडू लागले. गोपीचंदनं पुस्तक पाहिलेलंही नव्हतं. घरच्या म्हशीचं नाव हेमप्रभा पडलं. कमलेशनं नोकरी लागल्यावर नागपुरातून पाचही खंड विकत आणून दिले. पहिले चार तर तुळसानं पुन्हा पुन्हा वाचले. पाचवा मात्र जपून. रोज थोडा. संपू नये म्हणून.

तो संपण्याआधी तीच गेली. साधा ताप वाटला होता. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत बोलणं बंद झालं होतं. पुस्तकाचं पान दुमडलेलंच राहिलं. राखीनं नंतर एकदा सासऱ्यांना विचारलं, "मामाजी, पुढं मी वाचून देऊ का?"

"नोको," ते म्हणाले. "तिनं ठेवलं तेथीच राहू दे."

*

सिनेमा येणार ही बातमी कमलेशनं आणली. मोबाईलवर जाहिरात आली होती. त्यानं हौसेनं ती वडिलांच्या कानाशी लावली. ढोल, किंकाळ्या, घोड्यांच्या टापा आणि शेवटी एक भरदार, तरुण आवाज, "जब तक भोरू ज़िंदा है, नाव नहीं डूबेगी!"

"हा कोन?" धनीरामजींनी विचारलं.

"भोरू."

"भोरू असा कायले बोलन? भोरू बोंबलत नाई. आनखी लाव."

त्या दिवशी ती जाहिरात किती वेळा लागली ते भिंतीपलीकडून मी ऐकत होते. प्रत्येक वेळी नवी तक्रार. राणीच्या पायात पैंजण काहून वाजते, ती तर अनवाणी आहे. पाण्याखाली ढोल कसा वाजन. भोरूचं लंगडणं आयकू येत नाई. चार दिवस शिव्या घालून झाल्यावर पाचव्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "कवा लागते टॉकीजले?"

कमलेशची पाळी दिवसाची होती. म्हणून राखी त्यांना घेऊन गेली, भंडाऱ्याला, दुपारच्या खेळाला. राखीला तेव्हा नुकते दिवस गेले होते. मला ठाऊक होतं, घरात अजून सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "गर्दीत नको जाऊ." ती म्हणाली, "बाई, त्याइनं कालपासून दाढी करून ठेवली आहे."

पुढचं मला आधी राखीनं सांगितलं आणि मग त्यांनी. दोघांचं बोलणं कुठे जुळत नाही तेही मी सांगते.

मध्यंतरापर्यंत सगळं साधं होतं. हॉल बराच रिकामा. राखी त्यांच्या डावीकडे बसली होती आणि कानाशी तोंड नेऊन पडद्यावरचं सांगत होती. आता राणी गच्चीवर आली. आता पाण्यातून हात वर आले, लय हात. मामाजी मध्येच मोठ्यानं बोलत, "हे पुस्तकात नाई!" पुढच्या रांगेतला एकजण मागे वळून पाही. आणि मध्यंतराच्या जरा आधी पडद्यावर भोरूला बाण लागला. छातीत. नाव उलटली, ढोल थांबले, सगळा हॉल चूप.

"का झालं?" त्यांनी विचारलं.

राखीला सांगवेना. "भोरू मेला, मामाजी."

"मेला मंजे?"

"बान लागला. पाण्यात गेला."

दिवे लागले. राखी म्हणते, त्यांचे हात मांडीवर उताणे पडले होते, सांडल्यासारखे. पाच खंड तीन तासांत कोंबायचे म्हणून कुणीतरी त्या म्हाताऱ्याला वाटेतच मारून टाकलं होतं. "च्या आनते तुमच्यासाठी," असं म्हणून राखी उठली.

बाहेर तळणाच्या वासानं तिला भोवळ आली. तिथे काम करणाऱ्या बाईनं तिला बाकावर आडवं केलं, पाणी दिलं. आत खेळ सुरू झाल्याचा आवाज आला. राखी उठायला गेली तर पुन्हा डोळ्यांपुढे अंधारी. तिनं डोअरकीपरला सांगितलं, आत एक म्हातारे आहेत, त्यांना दिसत नाही, मी इथंच आहे म्हणून सांगा. तो गेला, परत आला आणि दारापाशी उभा राहिला. राखीला वाटलं, निरोप पोचला. तिला ग्लानी आली. खेळ सुटेपर्यंत ती तिथेच होती.

दिवे लागल्यावर ती आत धावली. "मामाजी, घाबरले तर नाई ना? मी बाहेरच होती. चक्कर आली मले."

धनीरामजी हसत होते. राखीनं लग्न होऊन आल्यापासून त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. ते हसू तिच्या बोलण्यानं हळूहळू मावळलं.

"तू बाहेर होतीस?"

"हव. निरोप नाई भेटला?"

त्यांनी डावा हात बाजूच्या खुर्चीवर ठेवला, सीट चाचपली, पाठ चाचपली, आणि हात परत घेतला.

बाहेर पडताना राखीनं डोअरकीपरला झापलं. तो उलट तिच्याकडेच चमत्कारिक नजरेनं पाहू लागला. "म्या पाह्यलं ना जाऊन. त्याइच्या बाजूले बाई बसून होती, डोक्यावर पदर घेऊन सांगून राहिली होती. मले वाटलं तुमीच दुसऱ्या दारानं गेल्या."

*

परतताना वरठीचं रेल्वेफाटक लागलं, गाडी जायची होती, ऑटो थांबला, तेव्हा धनीरामजींनी तोंड उघडलं.

"राखी, भोरू मेला नाई."

मग त्यांनी सांगितलं. दिवे गेले आणि बाजूला कुणी येऊन बसलं. त्यांना वाटलं राखीच. पण राखी कानाशी येऊन कुजबुजत होती. हे बोलणं तसं नव्हतं. ओसरीत बसून वाचतात तसं होतं, सावकाश, साध्या आवाजात. आणि पडद्यावर इतका धडधडाट चालू असताना तो साधा आवाज एकदाही दबला नाही.

बाण वल्ह्यात घुसला होता, छातीत नाही. भोरू आपण होऊन पाण्यात उतरला. तळाशी बुडालेल्यांची फौज उभी. त्यांनी त्याचे पाय धरले. भोरूनं खाली पाहिलं आणि पाय धरणाऱ्याला त्याच्या नावानं हाक मारली. सगळ्यांना या ना त्या काळी त्यानंच पार नेलं होतं, सगळ्यांची नावं त्याच्याजवळ होती. ज्याचं नाव घ्यावं त्याची पकड सुटायची, आणि तो वर वर जाऊन उजेडात विरून जायचा. एकेक सरोवर रिकामं करत भोरू चालला.

"इथपर्यंत आल्यावर ती थांबली," धनीरामजी म्हणाले. "मी तोंडाले आलेलं हूं दाबून बसलो होतो. ती थांबूनच राहिली. मंग मी हूं मनलं, तवा पुढं गेली."

राखीनं मला हे सांगितलं तेव्हा ती माझ्या पलंगाच्या मधोमध पाय वर घेऊन बसली होती.

सातव्या सरोवराच्या काठाशी भोरूला त्याची बायको भेटली. ओली. ती त्याच्याजवळ येऊन बसली आणि गोष्टी सांगू लागली. भोरूनं सगळ्या राज्याची नावं घेतली होती, पण बायकोला जन्मात नावानं हाक मारली नव्हती. तो तसाच बसून राहिला. त्यावर सिनेमा संपला.

कमलेशनं सगळं हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी मात्र एकटाच जाऊन सिनेमा पाहून आला. भोरू मरतो, त्यानं सांगितलं. मध्यंतरानंतर लढाई आहे, लग्न आहे, एक नाच आहे. सरोवराच्या तळाचं काहीच नाही. "बाबा, तुमाले झपकी लागली असन. सपन पडलं."

"मंग पुस्तक काहाडा," धनीरामजी म्हणाले.

राखी वाचायला तयार होईना. म्हणून मला बोलावलं. भर दुपार होती, दार उघडं, समोर रस्त्यावर माणसं. दुमडलेलं पान मी सरळ केलं आणि वाचायला लागले. दोन पानं झाली. भोरू पाण्यात उतरला. बाण वल्ह्यात होता.

"आता पाय धरतीन," धनीरामजी म्हणाले. मी पान उलटलं. पाय धरले.

शब्द वेगळे होते. घडत होतं ते तेच. मी वाचायच्या आधी ते सांगायचे, मग मी वाचायचे. तुळसाबाईंनी हा भाग त्यांना कधी वाचून दाखवला नव्हता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी कमलेशकडे पाहिलं. तो उठून बाहेर गेला आणि गाडीचा आरसा पुसत बसला.

सातवं सरोवर आलं. भोरूची बायको येऊन बसली. इथून पुढचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"वाचू?" मी विचारलं.

"वाचा."

शेवटचं प्रकरण लहान आहे. बायको रोज येते, बसते, बोलते. भोरूला बरं वाटतं. पण ती बसते तिथली जमीन ओली होत जाते. ओल पसरते, काठावरच्या झोपड्यांपर्यंत जाते, माणसं आजारी पडू लागतात. तेव्हा एका सकाळी भोरू तिचं नाव घेतो. ती उठते आणि वळून न पाहता निघून जाते. एवढंच.

"नाव काय लिवलं आहे तिचं?" त्यांनी विचारलं.

मी पुन्हा पाहिलं. "नाव छापलेलं नाही. 'त्यानं तिचं नाव घेतलं,' इतकंच आहे."

त्यांनी मान हलवली. पुस्तक हातात घेतलं, मिटलं आणि म्हणाले, "लिवनाऱ्याले समजत होतं." धनीरामजी बायकोला जन्मभर 'कमलेसची माय' म्हणत आले होते. ती गेल्यावरसुद्धा तसंच म्हणत.

*

नंतर काही दिवसांनी भिंतीपलीकडून मला पहिल्यांदा ऐकू आलं.

दुपारची वेळ. कमलेश कामावर, राखी नळावर. मी मशीन थांबवून दोरा ओवत होते. पलीकडून धनीरामजींचा आवाज आला. "हूं."

थोडा वेळ गेला. "हूं."

मला वाटलं फोनवर असतील. पण फोन तर कमलेशजवळ. मी श्वास धरून ऐकत राहिले. दोन हुंकारांच्या मधली जागा सारखी नव्हती. कधी लहान, कधी मोठी, समोरचा बोलतो आहे तितकी. एकदा ते हसलेही. मी मशीन सुरू केली आणि रिकामीच चालवत राहिले.

हे रोजचं झालं. ते मात्र सुधारले. जेवण वाढलं, चेहऱ्यावर तेज आलं. कमलेशला आनंदच झाला, बाबा आता एकटे कुढत नाहीत म्हणून. बपेऱ्याहून त्याची मावशी आली, तिनं ऐकलं आणि भूतबाधा उतरवणाऱ्या जाणत्याला बोलावू म्हणाली. धनीरामजींनी तिला हात जोडले. "ती कोनाचं काय घेऊन राहिली? वाचून राहिली बिचारी."

खरंच, ती कुणाचं काही घेत नव्हती. पण राखी वाळत चालली. तिला अन्न जाईना. दवाखान्यात रक्त कमी सांगितलं, गोळ्या दिल्या, पण ती दुपारी घरात थांबायला भ्यायची. म्हणायची, "बाई, आधी मले फक्त मामाजीचा आवाज येत होता. आता मधातलंबी येते. शबद नाई समजत. पन पान उलटल्याचं समजते."

मी तिला दुपारी माझ्याकडे थांबायला सांगितलं. ती म्हणाली, मामाजींना एकटं कसं सोडू. सासरे होते शेवटी, आणि तिच्यावर त्यांचा जीव होता.

मग एक दिवस ती माझ्याकडे धावत आली. अनवाणी, हाताला पीठ तसंच. दारातच खाली बसली.

"का झालं?"

"मामाजी झोपले होते. घोरत होते, बाई. खरंच घोरत होते." तिला दम लागला होता. "मी कनिक मळून राहिली होती. ते सुरू होतं. मधात थांबलं. थांबूनच राहिलं. आन् मी..." तिनं पिठाचा हात तोंडावर नेला. "मी हूं मनलं."

मी काही विचारायच्या आधीच तिनं मला सांगितलं. हूं म्हटल्यावर ते पुढे सुरू झालं. आणि या वेळी तिला शब्द समजले.

काय शब्द होते ते तिनं मला आजवर सांगितलेलं नाही.

मी तिला आत निजवलं आणि पलीकडे गेले. धनीरामजी जागे होऊन खाटेवर बसले होते. मी सगळं सांगितलं. दिवस गेल्याचंही सांगून टाकलं, ते त्यांना तोवर ठाऊक नव्हतं. ते ऐकत राहिले. एका पायाचा अंगठा जमिनीवर घासत होते, पुन्हा पुन्हा, जागा ओली आहे का ते पाहत असल्यासारखे.

"तिले दुसरं आयकनारं भेटलं," शेवटी ते म्हणाले.

"तुम्ही तिला सांगा ना, नको म्हणून."

"ते सांगनं नाई चालत, सरिताबाई. तुमीच तर वाचलं." त्यांनी अंगठा थांबवला. "मले मालूम होतं काय करा लागते ते. पयल्या दिवसापासून मालूम होतं. कमलेसले सांगा, उद्या सकाळी एकोडीले जाऊ."

*

टिकाराम ऑटोवाल्याची गाडी केली. कमलेश, धनीरामजी आणि मी. राखीला तिच्या बहिणीकडे ठेवलं. साकोलीच्या रस्त्यानं दोन्ही बाजूंना धान कापून झालेलं होतं. ते घरी थांबलेच नाहीत. थेट तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, न्यायला सांगितलं.

चांगलं ऊन पडलं होतं. खालच्या अंगाला बायका कपडे धूत होत्या, पाण्यात म्हशी बसल्या होत्या. पारीच्या एका टोकाला मसणवट आहे, तुळसाबाईंना तिथेच अग्नी दिला होता. कमलेशनं वडिलांचा हात धरला तर त्यांनी तो सोडवला. पारीवर ते एकटे चार पावलं पुढे गेले आणि उभे राहिले.

त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं प्रार्थना करताहेत. मग लक्षात आलं की ते नाव तोंडात बसवून पाहत होते. जन्मात न उच्चारलेलं.

"तुळसा," ते म्हणाले.

आवाज इतका हळू होता की कमलेश "अं?" म्हणाला. त्यांनी घसा खाकरला आणि या वेळी मोठ्यानं हाक मारली, बांधीतून घराकडे हाक मारतात तशी. "तुळसाऽऽ!"

कपडे धुणाऱ्या बायकांनी वर पाहिलं. एका म्हशीनं कान हलवले. बाकी काही झालं नाही. पाणी होतं तसंच होतं.

पण धनीरामजींची मान जराशी डावीकडे वळली. जवळून कुणी उठलं की वळते तशी. आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू फिरू लागला, पारीच्या कडेनं, न थांबता. कुणी चालत जाताना पाहत राहावं तसा. चेहरा फिरत फिरत मसणवटीकडे गेला आणि तिथे स्थिर झाला. त्या पांढऱ्या बुबुळांत काही नव्हतं. मी पारीकडे पाहिलं, रिकामी होती. कमलेशनं मात्र पाहिलं नाही. तो पायांकडे बघत उभा होता आणि त्याचे दात वाजत होते, त्या उन्हात.

"वळून नाई पाह्यलं," धनीरामजी म्हणाले आणि मटकन खाली बसले. आम्ही दोघांनी धरून त्यांना गाडीपर्यंत आणलं. वाटेत लाखनीला टिकारामनं चहा पाजला.

त्यानंतर भिंतीपलीकडून काही आलं नाही. पुढे कित्येक दिवस दुपारी मी मशीन बंद करून ऐकत असे, ती नुसती सवय लागली म्हणून. राखीचं अंग भरत गेलं. धनीरामजी खंगले, आजारीही पडले, पण त्यातून उठले. राखीला मुलगी झाली. नाव काय ठेवावं यावर घरात बरंच चाललं. आजोबांना विचारलं तर म्हणाले, "कोनतंबी ठेवा. पन हाक मारत जा."

आता त्यांच्या बाजूला कुणी बसलं की ते आधी विचारतात, "कोन?" आणि नाव ऐकल्याशिवाय पुढे बोलत नाहीत. आम्हालाही सवय झाली आहे. नात अजून बोलत नाही, तर तिच्या वतीनं राखी तिचं नाव सांगते.

गेल्या दिवाळीत तो सिनेमा टीव्हीवर लागला. कमलेशला चॅनेल बदलावा की नाही कळेना. धनीरामजी म्हणाले, "राहू दे." ते भिंतीला टेकून बसले, मी आणि राखी दोन बाजूंना. राखीनं पडद्यावरचं सांगायला सुरुवात केली, खणखणीत आवाजात. राणी आली, पैंजण वाजले, पाण्याखाली ढोल वाजले. भोरू पडद्यावर आला आणि मोठ्यानं गरजला.

"भंगार आहे," धनीरामजी म्हणाले. "बातम्या लाव. धानाचा भाव सांगतीन."